खांद्यावरून

डॉलगेथली. हे नाव नीट म्हणायला
मला अकरा वर्षं लागली,
आणि इथल्या दवाखान्यात माणसांच्या मानांचे फोटो काढण्यात
त्याच्या दुप्पट.
हनुवटी वर. श्वास धरा. हलू नका.
आता माझ्याच मानेत चार स्क्रू आहेत, एक पट्टी,
आणि मी कुणी न सांगताच हलत नाही.

निवृत्तीनंतर ठरवलं, विमान चालवायचं.
म्हणजे टेबलावरचं: एक पडदा, एक दांडा,
पायाखाली पेडल, ते घसरू नये म्हणून
त्याखाली योगासनांची चटई, आता दुसरा काय उपयोग तिचा.
शेजारच्या प्रिचर्डांचा नातू इएस्टिन
सगळं जोडून देतो. मोबदला: दोन थालीपिठं.

आधी त्याने टोपी आणली,
कडेला तीन दिवे, समोर कॅमेरा.
मान जराशी वळवा, म्हणाला, जग भरपूर वळेल.
डोळे मात्र पडद्यावरच हवेत:
मान डावीकडे, बुबुळं उजवीकडे,
भांडण झालेल्या घरात पंगतीला बसतात तसं.
मी वळवली.
जग तसूभर हललं
आणि कळ कोपरापर्यंत गेली.

कर्नारवनच्या धावपट्टीला समांतर जाताना
एक वेळ येते की ती मागे पडते.
उतरायचं तर डाव्या खांद्यावरून
तिला पाहावंच लागतं.
तिथून मी रोज सरळ पुढे जात राहिले,
किनारा सोडून, आयर्लंडच्या दिशेने,
ताठ मानेने.

मग ही बोटभर काळी पट्टी, पडद्याच्या पायाशी,
आत दोन-तीन तांबूस ठिपके, विझत आलेल्या उदबत्तीएवढे.
टोपी गेली खुंटीवर.
नजर जाईल तिकडे आता जग सरकणार.
उंचीचा काटा बघायला गेले, डोंगर वर निघून गेले.
इंधन बघू म्हटलं, तर काटाच पळाला.
ज्याच्याकडे पाहावं ते जागेवर राहीना.
बावीस वर्षं लोकांना हलू नका म्हणत आले
आणि डोळा इतका उनाड असतो हे मला ठाऊक नव्हतं,
सेकंदात तीन उड्या,
मालकिणीला न विचारता.

इएस्टिन म्हणाला, मधोमध एक गोल सोडू.
त्याच्या आत पाहिलंत तर काहीच होणार नाही.
तिथे नुसतं पाहायचं.

नुसतं पाहायची जागा!
अठ्ठावन्न साली, साताऱ्यात जन्मलेल्या मुलीला
कुणी आखून दिली नव्हती ती.
वर पाहिलं की उद्धट, खाली पाहिलं की लबाड,
खिडकीबाहेर पाहिलं की
कोण गं उभं आहे तिथे?
काही नाही हो, चिंच होती.
नुसती चिंच.

गुरुवारी कादर इद्रिसवर ढग बसला होता,
खराही आणि पडद्यावरचाही.
मी धावपट्टीला समांतर आले,
डोळे डाव्या कडेला नेऊन टेकवले
आणि खिडकी, पंख, समुद्र, मेंढ्यांची कुरणं
निमूट फिरत गेली माझ्याभोवती,
शेवटी ती, मागे, ओल्या पाटीसारखी.
स्क्रू जागच्या जागी.
उतरताना दोनदा उसळले. दोनदाच.

तेवढ्यात मागून हाक: किमिद?
प्रिचर्ड. कुमुदचं ते असंच करतात,
त्यांच्या भाषेत उकार राहत नाही.
मी डोळे डावीकडे नेले, पार कडेपर्यंत,
आणि वाट पाहिली.

खोली वळली नाही.
कॅलेंडर, किटली, दवाखान्याने दिलेलं घड्याळ,
सगळं ढिम्म.

मग खुर्चीसकट वळले, पायांनी ढकलत.
त्यांच्या हातात मातीसकट बीट होतं
आणि नजर माझ्या डोक्यावरून पडद्यावर:
इंजिन चालू राहिलंय हो तुमचं.