पाचवी प्रत

ही चावी प्रथमोपचाराच्या पेटीची.
उलटी फिरते. आणि एकदा उघडलीस की
पुन्हा लावू नकोस, मीलेना.
कुलूप माझ्या आधीच्या मास्तरांचं,
आयोडीन कुणी पळवेल ही त्यांना धास्ती.
बेटावर एकोणीस मुलं. कोण पळवणार होतं?

हा अपघाताचा फॉर्म. पाच प्रती, मध्ये कार्बन.
पहिली कास्त्रोच्या इस्पितळाला, दुसरी विम्याला,
तिसरी नगरपालिकेला, चौथी घरच्यांना.
पाचवी इथेच राहते, या खणात.
तिच्यावर धड काही उमटत नाही,
नुसती जांभळी सावली असते अक्षरांची.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते, तुझ्याएवढीच,
आणि फॉर्म मला तोंडपाठ होता.
येर्को नावेलकिन, इयत्ता दुसरी,
सरपणाच्या ढिगावरून खाली आला
तेव्हा त्याचा हात कोपरापासून भलतीकडेच पाहत होता.
मी त्याला बाकावर बसवलं. म्हटलं, हलू नकोस.
मग आत गेले आणि लिहायला लागले.
वेळ: दहा वाजून चाळीस. स्थळ: आवार.
साक्षीदार दोन, त्यांची नावं वळणदार अक्षरात.
रेडिओवर नगरपालिका म्हणाली,
थांबा, वरती विचारून सांगतो.
मी थांबले.
खिडकीतून तो दिसत होता. दिसतोय म्हणजे
आपलं लक्ष आहे, असं मला वाटत होतं.

आई ओहोटीला शेवाळ वेचायला गेलेली.
कुणीतरी तिला सांगितलं. मी नव्हे.
गुडघ्यापर्यंत चिखल, हातांना खारा वास,
ती आली आणि मला वाटलं आता ओरडेल:
कसा पडला, कुणी ढकललं, तुम्ही काय झोपा काढत होता?
माझी उत्तरं तयार होती. पाचही प्रतींवर होती.
तिनं विचारलं,
तो रडत होता तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?

फॉर्ममध्ये तो रकाना नाही, मीलेना.
आजही नाही. मी दोनदा पत्र लिहून पाहिलं.

होडी दीड वाजता निघाली. ते दोघं गेले.
संध्याकाळी चुलीला लाकडं आणायला वळले
तर ढिगामागे रोसामेल. त्यानंच ढकललं होतं.
सकाळपासून तिथेच. चड्डी ओली, दात दातांवर.
एकोणीसातून दोन गेलेले,
आणि मी दुपारभर सतरा मुलांना
वजाबाकी शिकवत होते.

तेव्हापासून मी पाचव्या प्रतीच्या पाठीवर लिहिते.
वाच, पण हसू नकोस.
"आधी जमिनीवर बसले, तिच्या उंचीला."
"होडी आधी, रेडिओ मग."
"रक्त पाहून मीच घाबरले, तसं सांगून टाकलं.
ती म्हणाली, बाई, तुम्ही डोळे मिटा, मी सांगते थांबलं की."
"घरी निरोप पाठवला नाही, स्वतः गेले.
वर्ग ओतिलियाकडे. सगळ्यांनी बटाटे सोलले."
"ज्यानं दगड मारला त्याच्या हातात पाण्याचं भांडं दिलं."
"काही नाही, काही नाही असं म्हणायचं नाही.
काहीतरी झालेलं असतं."
आणि ही एक कोरी आहे.
त्या दिवशीचं मला लिहवलं नाही. विचारू नकोस.

तुला आज घेऊन आला तो होडीवाला,
दोर डाव्या हातानं फेकतो, पाहिलंस?
उजवा कोपरात पुरता सरळ होत नाही.
तुझी ट्रंक उतरवताना तू हात लावायला गेली असशील
तर गुरगुरला असेल. गुरगुरतोच.
आमचं त्या दिवसाबद्दल कधी बोलणं झालेलं नाही.
पण मध्यरात्र असो, वारा उत्तरेचा असो,
शाळेतलं मूल आहे म्हटलं की इंजिन सुरू करतो
आणि मला म्हणतो, तुम्ही मागे बसा, बाई, त्याच्याजवळ.
एरवी एक पेसो भाडं सोडत नाही.

चावी ठेव. नाहीतर दे टाकून धक्क्यावरून.
आणि कार्बन संपत आलाय, मागवून घे.