पाणी पकडणारा

बत्तीस वर्षं मी संस्थेत दूध घेतलं.
काचेची नळी किटलीत सोडायची,
आकडा खाली गेला की मान वर:
"शिदगोंडा, पाणी हाय."
तो आभाळाकडं बघायचा. तिथं नसायचं.

गावानं नावच पाडलं, पाणी पकडणारा.

आता रिटायर.
कोल्हापुराकडनं येताना उजव्या हाताला
जो बोडका डोंगर लागतो,
त्याच्या कमरेला चर खणले आम्ही:
तालमीतली पोरं, बचत गटाच्या बाया,
आणि गुडघे धरत धरत शिदगोंडा.
शाळेच्या पत्र्याला पन्हळ लावली, पाणी बोअरात वळवलं.
वही सवयीनं माझ्याकडंच आली.

लावली चारशे बारा. जगली एकशे नव्वद.
साठेक शेळ्यांनी खाल्ली,
त्यांतल्या दोन शेळ्या माझ्या.
तेही लिहिलं.

हौसाबाई दूध घालून परत जाताना
किटली विसळते करंजाच्या बुंध्यात.
पांढुरकं पाणी.
मी बघतो. बोलत नाही.

काल दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला.
गेल्या मे महिन्यात
नववी गाठसुद्धा कोरडी वर आलेली.
काल पाचवीला ओल.
बोटानं चाचपली, परत चाचपली.
शिदगोंडा कठड्यावर वाकलेला, श्वास धरून.

मान वर केली,
तर तोंडातून तेच जुनं वाक्य निघालं:
"शिदगोंडा, पाणी हाय."

तो म्हणाला,
"मग? दर कापतोस काय आता?"