तंबू परत करताना

एक दोरी पाण्याच्या टाकीला,
दुसरी कुणाच्यातरी डिश अँटेनाला,
गच्चीवर असा वाळत घातलाय तंबू.
खाली चेंबूरचा रविवार,
कुकर, कुणाचंतरी ड्रिल मशीन,
रिफायनरीकडून येणारा तो ओळखीचा वास.
आणि शिवणींतून अजून झरतेय
केळशीची वाळू, काळसर, रव्याहून बारीक.

तंबू आमचा नाही.
तिसऱ्या मजल्यावरच्या रणदिवेबाईंचा.
बारा वर्षं माळ्यावर होता, घडी न मोडलेला.
देताना म्हणाल्या,
"किमतीची चिठ्ठी तेवढी काढू नका."
मी हसले.
त्या हसल्या नाहीत.

भालचंद्रची ओम्नी केटरिंगची,
मागे बसलं की केसांना कांदा चिकटतो.
भाऊच्या धक्क्यावर ती बोटीत चढली
तर हा मांडव्यापर्यंत स्टेअरिंग सोडेना,
जणू बोट तोच हाकतोय.
मी काही बोलले नाही.
खोली विकल्यापासून आम्ही बोलायचो
ते फक्त हिशेबाचं:
डिझेल, टोल, अर्धं तुझं, अर्धं माझं.
(ओम्नी डिझेलवर चालत नाही, हेही
मला त्या दिवशी कळलं.)

आगरदांड्याला तर, बागमांडल्याला तर,
खाड्या संपतच नव्हत्या.
रस्ता विचारावा तर माणसं
हात न उचलता हनुवटीने दाखवायची.
"हे काय, हाकेवर."
हाक अकरा किलोमीटर निघाली.

पहिली रात्र कापलेल्या खाचरात.
धसकटं पाठीला टोचत होती.
बॅटरी घेऊन एक म्हातारा आला,
आम्ही चपला शोधायला लागलो.
हाकलायला आला नव्हता तो.
म्हणाला, "तोंड फिरवा ह्याचं.
पहाटे मतलई सुटेल."
आम्ही मान डोलावली
आणि कंटाळा केला.

पहाटे मतलई सुटली.
अख्खा तंबू अंगावर, ओला, थंड,
आणि त्याच्या आत कुठूनतरी भालचंद्र,
झोपेतच:
"किती प्लेट आहेत?"

मी हसले ते थांबेचना.
मग तोही.
सहा वर्षांनी एका छताखाली झोपलो होतो,
ते छतही उसनं, आणि तेही पडलेलं.

केळशीला सुरूच्या बनात शेकोटी केली.
एक ठिणगी उडाली,
चवळीएवढं भोक पडलं.
भालचंद्र रात्रभर त्या भोकाला घाबरून:
"बाईंना काय सांगायचं?"
खोलीचे पैसे मागताना
त्याचा आवाज इतका बारीक झाला नव्हता.

तर आता बाई स्वतःच वर आल्यात.
गुडघे धरत, जिन्यात दोनदा थांबून.
भोकात करंगळी घालून बघितली.
आम्ही दोघं शाळेतल्यासारखे उभे.

"समुद्र किती लांब होता?"
वीस पावलं, मी म्हटलं.
"आवाज यायचा?"
रात्रभर.

चिठ्ठी उलटून पाहिली त्यांनी.
दवाने आकडे गेलेत, धागा राहिलाय.
मग चपला बाहेर काढल्या,
एकीशेजारी एक, देवळाबाहेर काढाव्या तशा,
ओणव्या होऊन आत गेल्या
आणि चेन ओढून घेतली.

आम्ही कठड्याशी.
काय बोलणार?
भालचंद्रने डबा उघडला, झाकणाचा आवाज न करता,
अर्धी पोळी मला दिली.
हिशेब न करता, बहुधा मोठी अर्धी.

तेवढ्यात टाकी भरली.
पाणी वरून वाहायला लागलं,
पन्हाळीत, फरशीवर, तंबूच्या कडेकडेने,
थांबून थांबून, पुन्हा.
एरवी अख्खी इमारत ओरडते, मोटर, मोटर!
भालचंद्र उठला बंद करायला.

मी त्याचा शर्ट धरला.
बस म्हटलं, जरा वेळ.