बाणाचा अर्धा मार्क

अकरावीच्या पेपरात बाहुबली मगदूमनं
संवेग काढला होता: चारशे.
किलोग्रॅम, मीटर, सेकंद, सगळं जागच्या जागी.
फक्त पीच्या डोक्यावर बाण नव्हता.
मी अर्धा मार्क कापला.
"आकडा बराबर हाय की, सर."
"आहे. पण निघालाय कुठं?
तासगावला, का कोल्हापूरला?"
वर्ग हसला. तो हसला नाही.

सदिश म्हणजे, बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो,
ज्याला नुसतं 'किती' विचारून भागत नाही.

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात
घरापुरती हळकुंडं घ्यायला गेलो.
मार्च. हवेलासुद्धा पिवळा ठसका.
दोन हातगाडे. एक गाळ्याकडून, एक काट्याकडून,
दोन्हींवर चार-चार पोती पन्नास किलोंची,
ढकलणारे दोघंही मान खाली घालून.
मधे ट्रक वळत होता.

आवाज झाला.
मग दोन्ही गाडे जिथल्या तिथं,
जणू हलायचं कधी ठरलंच नव्हतं.

उत्तरेला चारशे, दक्षिणेला चारशे.
बेरीज शून्य, मी सवयीनं पुटपुटलो,
आणि लाजलो.
एक आस मोडला होता,
तीन पोती फुटली होती,
दादू ऐवळे फरशीवर बसला होता
मनगट पोटाशी धरून.

तोलाईच्या काट्यामागून बाहुबली धावत आला,
कानावर पेन्सिल, भुवया पिवळ्या.
आधी त्यानं दादूचं मनगट बघितलं,
मग मला.
"सर, बाण धरून बेरीज केली की शून्य येतंय.
मग हे मोडलं कुणी?"

ऊर्जेला बाण नसतो रे, सांगायचं होतं.
ती समोरासमोर आली म्हणून वजा होत नाही,
लाकडात शिरते, सुतळीत, हाडात,
थोडी आवाजात.
पण दादू कण्हत होता
आणि तो धडा पुढचा होता.

रिक्षा दादूला घेऊन सिव्हिलकडं गेली.
मी उकिडवा बसून हळकुंडं वेचत राहिलो.

रात्री पेपरांचा गठ्ठा.
पी, बाण नाही. पी, बाण नाही.
साबणानं दोनदा धुऊनही बोटं पिवळी.
कुठल्याशा पोरीचा कागद दाबून धरला
तर नेमका पीच्या डोक्यावर अंगठ्याचा डाग,
गोल, टोक नसलेला,
कुणीकडंच न बघणारा.

अर्धा मार्क कापला. कापावाच लागतो.
समासात मात्र, नेहमीच्या 'दिशा?'च्या जागी,
हातून लिहून गेलं:
कुणाला लागलं?