दुसरी किल्ली

भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट,
त्याच्या आत अजून एक.
बाहेरची किल्ली माझ्याकडे,
आतली फिलोमिना सिस्टरकडे.
एकटीनं उघडायचं नाही.
इन्स्पेक्टर आला की आधी कुलूप ओढून बघतो,
मग वही,
मग आमचे चेहरे.

शिवडीच्या या दवाखान्यात
मॉर्फिन मोजून येतं, मोजून जातं.
रिकामी कुपीसुद्धा जपून ठेवायची,
फुटली तर काचा कागदात बांधून
दोघींच्या सह्या.

काल रात्री अडीचला
सहा नंबरचे तांडेलकाका ओरडलेही नाहीत,
नुसती चादर धरली मुठीत,
जाळं ओढताना धरावी तशी.
मी बाहेरचं कुलूप काढून उभी.
सिस्टर वरच्या मजल्यावर, कुणाची तरी शीर शोधत.
चार मिनिटं.
बंदराकडून एक भोंगा आला, थांबला.
कपाटाच्या रंगाचे पोपडे मला पाठ झाले.

ती धावत आली,
किल्ली खिशाच्या अस्तरात अडकलेली.
उघडलं. सुई भरली.
पोचलो तेव्हा
मूठ सुटली होती.

मुलगा म्हणाला, मग हे दुसऱ्या कुणाला तरी द्या.
नाही रे देता येत.
सिस्टरच्या देखत ओतून टाकलं,
वहीत लिहिलं: वाया, एक मिलि.
कारणाचा रकाना बोटभर.
त्यात ‘रुग्ण’ मावलं,
‘गेले’ खाली घसरलं
पुढच्या कुणाच्या तरी ओळीत.

सकाळी साठा बरोबर जुळला.
इन्स्पेक्टर म्हणेल,
बाई, अक्षर रकान्यात ठेवा.