मोजणी

मंगळसूत्र काढून खुंटीला.
बांगड्या कधीच्याच नाहीत, एकतीस वर्षं
मेडिकलच्या ऑपरेशन थिएटरात
कोपरापर्यंत हात मोकळे ठेवायची सवय.
ओढणी घरात. केसांवर जुनी हिरवी टोपी.
चष्म्यावर चष्मा. कानांवर टोपणं.
हातमोजे मात्र नाहीत;
इथे ते उलटं असतं, हे पटायला मला वेळ लागला.
"रबर असो का कातडं," दमाजी मिस्त्री म्हणाले,
"पात्यानं त्याचं एक टोक धरलं
का हात मागंमागं जाते, बाई. इचारून नाही जात."

दमाजी निखारे. लकडगंजच्या आरामशीनवर सदतीस वर्षं.
बोटं साडेआठ.
दीडाचा हिशेब त्यांनी कधी दिला नाही,
मीही मागितला नाही.
तुटक्या बोटांच्या गोष्टी मला पाठ आहेत:
बर्फाच्या पिशवीत, रुमालात,
एकदा चहाच्या कपात,
आणि प्रत्येक गोष्टीत तेच वाक्य,
"एवढं एकच कापायचं राहिलं होतं, सिस्टर."

मानेवाडा. घरामागची टिनाची शेड. मे.
पत्रा तडतडतो. पारा शेहेचाळीस.
मी कूलरचं स्टँड करते आहे.
सागाची चौकट, इतवारीतल्या पाडलेल्या दुकानाची.
आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले.
सात निघाले. आठवा
रंगाच्या थरांखाली होता,
चुंबकालाही उशिरा कळला.

पातं लाकडाच्या वर एक दात, जास्त नाही.
पात्यामागची लोखंडी पट्टी जागेवर.
शेवटची वीतभर ढकलायला काठी, हात नाही.
आणि उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, थोडं डावीकडे.
"बैल उधळला तं शिंगासमोर
कोन उभा राह्यते?"

पाऊण चीर गेली होती,
आणि लाइन गेली.

पातं लगेच थांबत नाही.
आपल्या आपल्यातच फिरत राहतं,
आवाज एकेक पायरी उतरत जातो.
(थिएटरातही असा एक आवाज होता. तो नको.)
टोपणं काढली. गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प.
फळी पात्यात अडकलेली.
हात आपसूक पुढे गेला,
अडकलेलं काही दिसलं की जातो तसा.

मध्येच थांबला.
बटण चालूवरच होतं.
तारेत काही नव्हतं, तरी मशीन चालूच होती;
फक्त तिला अजून निरोप आला नव्हता.

बटण बंद. प्लग उपटला,
त्याचे तीन पाय समोर टेबलावर,
मला दिसतील असे.
मग फळी सोडवली.

माठातलं पाणी प्यायले. दमाजींना फोन लावला, उगीच.
"लाइन गेली काय तिकडं?"
"गेली."
"मंग?"
"प्लग काढला."
पलीकडे नुसती त्यांच्या कूलरची घरघर.
बराच वेळ.
"आमची वापस आली होती," ते म्हणाले,
"चौऱ्यांशीत. दोन मिनिटात."
आणि मग, संत्र्यांचा भाव काय म्हणते तिकडं,
असं काहीतरी.

चार दहाला पंखा हलला.
गल्ली पुन्हा घरघरू लागली.
मशीन टेबलावर मुकी.

पोट शिवण्याआधी आम्ही मोजायचो:
बोळे, चिमटे, सुया. मोठ्यानं. दोघींनी.
आकडा जुळेपर्यंत टाका नाही,
सर्जन कितीही चिडोत.
इथे दुसरी कुणी नाही.
भुसा ब्रशनं ओढते, मास्क उतरवते,
आणि शेडची कडी लावण्याआधी
मोठ्यानं मोजते. शेजारचा पोरगा
भिंतीवरून बघतो, हसतो. हसू दे.

स्टँड डुगडुगतं.
एक पाय सूतभर आखूड झाला.
चालेल.
आखूड पायाखाली पुठ्ठा ठेवता येतो.