बादली

सार्तेनेहाच्या धक्क्यावर अकराच्या सुमारास
फिदेन्सिओ बर्फाची पेटी माझ्यापुढे उपडी करतो.
मी कात्री घेऊन बसते.
आधी पाठीवरचे तेरा काटे,
मग पोटाखालचे दोन, शेपटीकडचे तीन.
मोजूनच. एखादा राहिला
तर रात्रभर कढत पाण्यात हात धरून बसायचं.
एक गुड फ्रायडे मी तसाच घालवला,
प्रार्थनेऐवजी शिव्या पुटपुटत.

किती देखणा आहेस रे मेल्या.
हे पट्टे, हे पंख, हा नवरदेवाचा थाट.

बाबांना चाळीस माशांची नावं पाठ होती,
त्यांच्या सवयी, रुसवे, कुठल्या चंद्राला कोण कुठे जमतं.
तू त्यांत नव्हतास.
बाबा गेल्यानंतरच्या वर्षी
शेवंडांच्या पिंजऱ्यात पहिला सापडलास,
आणि फिदेन्सिओला वाटलं
कार्निव्हलमध्ये कुणाच्या टोपीवरून काहीतरी पडलंय.
उचलायला गेला.
तेव्हा कळलं.

प्रवाळातल्या पिल्लांनाही तसंच वाटत असणार.
तू पंख पसरून हळूहळू पुढे सरकतोस
आणि ती पळत नाहीत,
मिरवणूक बघायला थांबल्यासारखी थांबतात.
आज एकाच्या पोटात नऊ निघाली,
पोपटमाशाची, नखाएवढी,
निळा रंग अजून तसाच.
मी ती वेगळी ठेवली. का, माहीत नाही.

गळाला तू लागत नाहीस,
एकेकाला भाल्यानेच टिपायचं.
मांस लिंबात मुरवून पर्यटकांना,
पंख वाळवून, दाबून, तार ओवून
कानातली. जोडीला वीस डॉलर.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात,
मी कोरड्यात बसून करते.
त्यावर धाकट्याची फी भरते.

एक जोडी नेल्वाला पाठवली, तिच्या लेकीसाठी.
नेल्वा माझी मोठी बहीण, फ्लोरिडात
सव्वीस वर्षं लोकांची घरं पुसते.
रविवारी तिचा फोन आला.
मुलीला आवडली, म्हणाली. मग गप्प.
फोन कटला असं वाटलं मला.

मग म्हणाली, दातांच्या डॉक्टरचं घर होतं,
भिंतभर काच, आत हेच.
रोज काच मी पुसायचे, कोळंबी मी घालायचे,
मला बघून वर यायचे गं ते.
घर विकलं तेव्हा बाई म्हणाली,
यांचं काहीतरी कर.
मारायला हात होईना.
संध्याकाळी बादली घेऊन मागच्या कालव्यावर गेले.
दोनच होते. ओतताना
एक ‘नमो मारिया’सुद्धा म्हटलं.

मी सांगितलं तिला,
अशा बादल्या शेकड्यांनी ओतल्या असतील लोकांनी,
तुझ्याआधी, किती वर्षं आधी.
दोन्ही नरच असतील. बगळ्याने खाल्ले असतील.
फिशरीज ऑफिसातल्या माणसालाही नक्की सांगता येत नाही
बारा गावचं पाणी पिऊन हे इथवर कसे आले ते.
सगळं सांगितलं.
ती म्हणाली, हो.
म्हणाली, पण त्यांतला लहान होता ना,
तो पाण्यात पडल्यावर लगेच गेला नाही.
थोडा वेळ माझ्याकडेच तोंड करून थांबला होता.

फिदेन्सिओला हे मी सांगितलेलं नाही.
तो चिडणार नाही, हसेल,
आणि ते मला चालणार नाही.

आज एक मादी होती.
अंड्यांचा चिकट गोळा बोटांना लागला,
कोमट, जवळजवळ पारदर्शक.
हात धुतले. कात्री धुतली. फळी धुतली.
नेहमी ते पाणी मी धक्क्यावरून खाली भिरकावते,
पेलिकन वाट बघत असतात.

आज बादली उचलली, कडेपर्यंत गेले
आणि तिथेच उभी राहिले.
मग मागे फिरून
नारळाच्या बुंध्याशी, वाळूत, ओतली.
पेलिकन नाराज झाले.
वाळूने सगळं पिऊन टाकलं,
थोडा फेस राहिला, तोही बसला.